अर्थशास्त्र आणि जाऊबाईंचा नळ

धाकट्या जावेला मिलमधलं बिऱ्हाड मिळालं आणि त्याच्या न्हाणीघरात चक्क नळ निघाला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सरळच सांगते, मी जळत होते. सोलापूरचा उन्हाळा, चौकातला एकच नळ आणि त्यावर अर्ध्या पेठेच्या घागरी. विणकरांच्या बायका आपसांत तेलुगूत भांडायच्या ते मला कळायचं नाही. माझ्याशी भांडायच्या ते मात्र बरोबर कळायचं. आणि तिकडे ती बया तोटी सोडून खुशाल पाय धूत बसली असणार!

आमचे हे हायस्कुलात शिक्षक. पुण्याला अर्थशास्त्र शिकून आलेले, आता मराठीत त्याचं पुस्तक लिहीत होते. लिहिलेलं मला वाचून दाखवायचे. ऐकायला दुसरं होतंच कोण? प्रत्येक पान 'समजा'नं सुरू. समजा, माणूस शहाणा आहे. समजा, त्याला स्वतःचं हित नेमकं कळतं. समजा, तो आपल्यापुरतं पाहतो. दुसऱ्याला किती मिळालं याचं त्याला सुख नाही की दुःख नाही.

"अगं बाई! हा माणूस राहतो तरी कुठे?" मी विचारलं.

"तसा कुणी नसतो. शास्त्रासाठी धरून चालायचं."

"मग जाऊबाईंच्या नळानं माझ्या पोटात दुखतं, त्याचं काय?"

"तुला काल जेवढं पाणी मिळत होतं तेवढंच आज मिळतं. तिच्या नळानं तुझी घागर रिकामी झाली का? मग दुःख कसलं? याला शास्त्रात जागा नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मत्सराला जागा नाही म्हणे! कुठल्या गावच्या माणसांचं हे शास्त्र? आमच्या पेठेतलं तर नक्कीच नव्हे.

चैत्रात धाकटे भावजी स्वतः घरी आले. मिलच्या हाफिसात त्यांच्या हाताखाली एक जागा निघाली होती. पगार शाळेच्या दुप्पट, वर राहायला बिऱ्हाड, नळासकट. आत चहा गाळता गाळता मी मनातल्या मनात तिथल्या फळीवर भांडीसुद्धा मांडून टाकली.

ह्यांनी चहा घेतला आणि "नको" म्हणाले.

भावजी जाताच मी बाहेर आले. "अहो, पगार दुप्पट, पाणी घरात. स्वतःचं हित कळतं ना तुम्हाला?"

"धाकट्याच्या हाताखाली? त्यानं हाक मारायची आणि मी फायली घेऊन धावायचं?"

"त्यानं तुमचा पगार कमी होतो का? मग दुःख कसलं?"

ते उठले. टोपी चढवून निघून गेले. मी रडले, पण रागानं. पुस्तकातलं ते पान त्यांनी बदललं नाही. छापून आलं तेव्हा जसंच्या तसं होतं.

वैशाखात चौकातला नळ कोरडा पडला. हे कळल्यावर जाऊ टांगा करून भर उन्हात आली. "वहिनी, आमच्याकडं पाणी भरपूर आहे की. रोज गड्याबरोबर दोन हंडे पाठवत जाईन." अगदी मनापासून म्हणाली, आणि तेच मला जास्त झोंबलं. घरात कळशीच्या तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं. ते मी तिला प्यायला दिलं आणि म्हटलं, "छे गं, आम्हाला कुठे कमी आहे?"