मुयुंदाची जीभ आणि काट्यांचा मासा

नासिलेलेचा नवरा मुयुंदा कधी खोटं बोलायचा नाही आणि त्या घराची सगळी पीडा तीच होती. लेक नालिशेबोला सांगून आलेली दोन स्थळं त्याने निव्वळ तोंडाने घालवली. पहिल्या पाहुण्यांना म्हणाला, "पोरगी गुणाची आहे, पण घोरते. वाळूवरून होडी ओढावी तसा आवाज येतो." दुसऱ्यांनी तर काही विचारलंही नव्हतं. "होडी वल्हवते झकास," तो म्हणाला, "वळवता मात्र येत नाही. तीनदा बुडवली." सगळं शंभर टक्के खरं. पाहुण्यांनी तिथल्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून निरोप घेतला, ते गेले ते गेलेच.

तिसरं स्थळ झांबेझी नदीच्या पलीकडच्या गावचं होतं आणि यावेळी मुलगा नालिशेबोच्या मनात भरला होता. "बाबा बोलले ना, तर मी मोंगूला आत्याकडे निघून जाईन. परत येणार नाही," तिने आईला बजावलं.

नासिलेले टोपली घेऊन डबक्यावर गेली. लव्हाळ्यात पाण्यावर फेसाचा पांढरा गोळा तरंगत होता, मुलुमेसीचं घरटं. लांब तोंडाचा, करवतीसारख्या दातांचा हा मासा लहान मासे अख्खे गिळतो आणि अंडी असली की घरट्यापासून हलत नाही. तिचं बोट त्याने फोडलंच. "राखण करतोस होय? माझ्या घरीही एक आहे असाच," असं म्हणत तिने त्याला टोपलीत घेतलं. चव उत्तम, पण अंगभर केसासारखे काटे. तो तोंडात असताना बोलायचं नाही, हे गावात पोराटोरांनाही कळतं.

पाहुणे आले. नासिलेलेने त्यांच्यासाठी मऊ चपटे मासे वाढले आणि मुलुमेसीचा रस्सा वेगळ्या वाडग्यात नवऱ्यापुढे सरकवला. घाईत ती एकच गोष्ट विसरली. पुरुष जेवतात एका ताटात आणि चांगला घास आधी पाहुण्याचा. मुयुंदाने वाडगा सरळ मधल्या ताटात उपडा केला. "घ्या, घ्या! उत्तम आहे तेच घ्या!"

नासिलेले पाहुण्यांचे घास मोजू लागली. एकाच्या घशात काटा गेला की संपलंच सगळं.

पण पुरुष गप्प झाले. मुलाचे काका सिताली डोळे मिटून जिभेने काटे शोधत होते. मुयुंदाने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यातून काटाच निघाला.

चुलीपाशी मुलाची आई नामातामा हळूच म्हणाली, "बाई, तुम्हाला कसं कळलं? आमच्या या दिरांनी बोलून बोलून थोरल्याचं लग्न मोडलंय. मी येताना सुकवलेला मुलुमेसी घेऊनच आले होते!" तिने कमरेच्या कापडात खोचलेली पुडी दाखवली. मग काय, दोघींनी शेवटचा काटा निघायच्या आत मुलीसाठी द्यायच्या गाई ठरवल्या, दिवस ठरवला, नालिशेबोला विचारूनही घेतलं.

मुयुंदाने अखेर तोंड पुसलं. "एक गोष्ट सांगायलाच हवी, ही पोरगी..."

"ठरलं!" दोघी एकदम ओरडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लग्न झालं. नालिशेबो होडीत बसून गेली आणि मुयुंदा गप्प झाला. पहिले दोन दिवस नासिलेलेला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने लापशी मुद्दाम करपवली, त्याने मुकाट्याने खाल्ली. शेजारणीची टोपली वेडीवाकडी झाली होती, तिला "छान" म्हणाला. तेव्हा मात्र ती घाबरली.

दहाव्या दिवशी तिने पुन्हा बोट फोडून घेत मुलुमेसी आणला. सकाळपासून अंगणात बसून तिने नखाने एकेक काटा काढला. दुपारी ताटात घट्ट लापशीच्या गोळ्यावर ते मऊ मांस ठेवून त्याच्यापुढे धरलं.

"घ्या. एकही काटा नाही. आता बोला हो."

त्याने ताट मांडीवर घेतलं.

"ती घोरायची," तो म्हणाला. "आता मला झोपच लागत नाही."

नासिलेलेला रडू आलं. फुटलेल्या बोटाने डोळे पुसत ती म्हणाली, "आणखी बोला."

त्याने घास घेतला. "मीठ कमी आहे," तो म्हणाला. खरंच कमी होतं.