परत म्हणा, साहेब

पोलीस ठाण्यात कुणी आईबहिणीवरून शिवी हासडली, की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि शांतपणे म्हणायची, "परत म्हणा. बराबर ऐकू न्हाई आलं." परत म्हणणारा क्वचितच निघे.

तुमचं कधी ठाण्यात जाणं झालं असेल, तर अशी एखादी महिला हवालदार तुम्हीही पाहिली असेल. चापूनचोपून बांधलेले केस, चकाकणारे बूट आणि बोलणं अगदी हळू. मी जालन्यात नवी शिपाई म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिलं काम मिळालं साहेबांच्या पाहुण्यांना चहा देण्याचं. तिनं माझ्या हातातला ट्रे काढून एका दांडग्या शिपायाला दिला. "घे रे बाबा. तुझे हात मोठे, कप जास्त मावतेत." आणि मला गस्तीला घेऊन गेली. त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणू लागले.

एक दिवस साहेबांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरची बायको आली. ओठ फाटलेला, मनगट सुजलेलं. नवऱ्यानं मारलं होतं. तिची तक्रार कुणी लिहून घेईना. साहेब केबिनमधून बाहेर आले. "पोलिसाच्या बायकोनं थोडं सोसायचं असतं. घरी जा."

"परत म्हणा, साहेब. बराबर ऐकू न्हाई आलं."

साहेबांनी परत म्हटलं. मोठ्यानं, एकेक शब्द चावत. सगळे हसले. ताईचा चेहरा लालबुंद झाला.

मग ती माझ्याकडे वळली. "तू ऐकलंस?"

"ऐकलं, ताई."

"एसपी साहेबांपुढं सांगशील? नोकरी नवी हाय तुझी. इचार कर."

"सांगीन."

भर दुपारी आम्ही तिघी रिक्षानं मस्तगडावरून एसपी ऑफिसला निघालो. "ते मला जित्ती ठेवणार न्हाईत," बाई रडत होती. ताईनं तिचा हात धरला. "पहिले आमच्या दोघींशी गाठ हाय त्याची."

संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हर निलंबित झाला. साहेबांना नुसती समज मिळाली, आणि ताईला बदली. पार जांब समर्थच्या पलीकडं, जिल्ह्याच्या टोकाला.

निरोपाच्या दिवशी साहेब हार घेऊन पुढे आले. "आमच्या वाघिणीला शुभेच्छा!"

तिनं हार हातानंच अडवला. "वाघीण न्हाई, साहेब. हवालदार."

ती तशीच उभी राहिली. शेवटी साहेब पुटपुटले, "हवालदार."

तिनं कडक सॅल्यूट ठोकला आणि पायऱ्या उतरून गेली. हार साहेबांच्या हातातच राहिला.