दीडाचं निम्मं

माझे सासरे गणिताचे मास्तर. मुलं पाठीमागे त्यांना ताळामास्तर म्हणायची, कारण उत्तर बरोबर आलं तरी उलट मोजून ताळा केल्याशिवाय ते कुणाची वही सोडायचे नाहीत. ‘आधी काय दिलंय ते सांग, मग काय विचारलंय ते सांग, आणि मगच डोकं चालव,’ हे त्यांचं पालुपद. घरीही तीच कटकट. सासूबाई म्हणायच्या, ‘यांना जेवायला हाक मारली तरी आधी दिलेली माहिती मागतात.’

सासूबाई गेल्यानंतर एका सकाळी ते स्वतः चहा करायला उठले. मी पुढे झाले, तर हातानेच थांबवलं. पातेल्यासमोर उभं राहून वर्गात बोलावं तसं बोलू लागले.

‘दोघांच्या चहाला दीड कप पाणी, तर एकाच्या चहाला किती? दीड म्हणजे तीन छेद दोन. त्याचं निम्मं तीन छेद चार. म्हणजे पाऊण.’

त्यांनी पाऊण कप पाणी मोजून ओतलं. पण गॅस काही पेटवेनात.

‘काय झालं, बाबा?’

‘ताळा राहिला,’ ते म्हणाले. ‘पाऊण आणि पाऊण, दीड.’

आणि त्यांनी आणखी पाऊण कप पाणी ओतलं. चहा दोन कपांत गाळला. एक स्वतः प्यायले, दुसरा सासूबाईंच्या खुर्चीपुढे ठेवला.

आता हे रोजचंच झालंय. दुसरा कप निवला की मी मुकाट्याने सिंकमध्ये ओतते. नवरा म्हणतो, बाबांना एकदा नीट समजावून सांग. काय कपाळ समजावू? उत्तर त्यांना केव्हाच आलंय.