तीन ते सहाच्या दरम्यान

शालीकराम बावीस वर्षांपासून गावचा कोतवाल आहे. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली जी धानाची गावं आहेत, त्यांतलं हे एक. लसीची तारीख, रेशनचा तांदूळ, ग्रामसभा, कालव्याला पाणी सुटणार की नाही, कोणाची म्हैस हरवली, हे सगळं त्याच्या तोंडून गावात जातं. आधी त्याच्या गळ्यात डफडं होतं, नंतर हातात बॅटरीवरचा भोंगा आला. एका हाताने सायकल धरायची आणि दुसऱ्या हाताने भोंगा. गावात मोबाइल आले तेव्हा लोक म्हणाले, शालीकरामचं काम आटोपलं. कसलं आटोपतं! मोबाइलवर आलेलं गाव नुसतं बघतं. तेच शालीकराम चौकात उभा राहून बोलला की मग खरं धरतं.

त्याचं खरं कसब वेगळंच आहे. तालुक्याहून येतं ते सरकारी भाषेत, आणि सरकारी भाषा घशाखाली उतरवायची म्हणजे लोटाभर पाणी लागतं. म्हणून शालीकराम एकदा जसं लिहिलं तसं वाचतो, कारण तसा हुकूम आहे, आणि मग भोंगा जरा कलता करून आपल्या बोलीत सांगतो. "मेघगर्जना व विजांसह वादळी पावसाची शक्यता" हे एकदा म्हणून झालं, की "आज गाज पडन बापा, वारा सुटन, घरात राहा." गाव ऐकतं ते हे दुसरं.

आणि ऐकतं म्हणजे तरी काय? गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी त्याने दवंडी दिली होती की दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान विजा पडतील, कोणीही घराबाहेर पडू नये. गावाने त्यातली फक्त वेळ ऐकली. उन्हाळी धान कापून शेताच्या बांध्यांत पसरलेला होता, मूठ-मूठ कापून ठेवलेल्या कडपांच्या ओळीच्या ओळी वाळत पडलेल्या. तीन वाजता पाणी येणार म्हटल्यावर कोणता शेतकरी घरात बसून राहील? दवंडी ऐकून घरात होते तेवढेही बाहेर निघाले. ताडपत्र्या, जुनी लुगडी, खताच्या फाडलेल्या पिशव्या, जे हाती लागलं ते घेऊन सगळे शेताकडे धावले. दर वर्षी असंच होतं. घरात राहा म्हणून सांगणारी दवंडीच गावाला घराबाहेर काढते, आणि यात काही चुकतं आहे असं कोणालाही वाटत नव्हतं. शालीकरामलाही नाही.

त्या दिवशी तो पिंपळाच्या पारापाशी उभा होता. भोंग्यात "कोणीही घराबाहेर पडू नये" म्हणत असतानाच समोरून त्याची बायको सुशीलाबाई आली, डोक्यावर ताडपत्री घेऊन. तिने थांबून विचारलं, "कोन्ता कोपरा आधी झाकू जी?" शालीकरामने भोंगा तोंडापासून बाजूला केला. हाताने उत्तरेकडे दाखवलं आणि म्हणाला, "वरचा कोपरा आधी झाक. वाऱ्यानं उडन, दगड ठेवजो." ती गेली. त्याने भोंगा पुन्हा तोंडाशी धरला आणि उरलेलं वाक्य पुरं केलं.

ती त्या कोपऱ्यातच सापडली. ताडपत्रीच्या तीन टोकांवर दगड ठेवून झाले होते.

तेव्हापासून शालीकरामला काही वाटत नाही. दुःखही होत नाही, हीच खरी अडचण. तेरवीला बहिणी गळ्यात पडून रडल्या तेव्हा तो कोरड्या डोळ्यांनी मांडवाचे बांबू बघत होता. भाजीत मीठ नसलं तरी जेवून उठायचा. लोक म्हणत, कोतवालाने मन घट्ट केलं. मन घट्ट वगैरे काही झालं नव्हतं. घरात सामान नसताना दार उघडं असावं, तसं होतं ते. भोंगा बाजूला केल्याची गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. पाराजवळ तेव्हा तिसरं माणूस नव्हतं.

घरात आता तो आणि सून टीना, दोघंच. मुलगा उमेंद्र हैदराबादला फरशा बसवण्याच्या कामावर असतो. टीना शिकलेली आहे, हाताला चलाख आहे, सासरा बोलत नाही म्हणून तिने स्वतःचं बोलणं बंद केलेलं नाही. शालीकराम मात्र तिला नावाने हाक मारत नाही. सुनेचं नाव घ्यायचं नाही ही त्याच्या बापाच्या वेळची रीत. काही लागलं की खाकरायचं, किंवा भिंतीकडे पाहून "पानी" म्हणायचं.

या वर्षी ऊन लवकर चढलं. एप्रिलची वीस तारीख आली नाही तोच सकाळी नऊला रस्ता ओस पडू लागला. धान आठ दिवस आधी पिकला. रविवारी टीनाने चार बाया लावून कापणी उरकली, आणि सोमवारी तालुक्याहून निरोप आला. सोबत जिल्ह्याचा नकाशा होता, नारिंगी रंगाने भरलेला. बुधवारपर्यंत उष्णतेची तीव्र लाट. पारा शेहेचाळीस अंशांच्या वर, एप्रिलमधला आजवरचा उच्चांक मोडण्याची शक्यता. बुधवारी दुपारनंतर मेघगर्जना, विजा आणि ताशी साठ किलोमीटरपर्यंत वारा.

शालीकरामने वाचलं, मग आपल्या बोलीत सांगितलं, "असं ऊन कोनी पाह्यलं नसन, असं तपन. आणि बुधवारी गाज." तो गावभर फिरला. पायाखालचं डांबर मऊ झालं होतं. त्याला काही वाटलं नाही.

"मामाजी, दुपट्टा बांधून जात जा ना जी," टीना म्हणाली. सायकल सावलीत घ्यायला तिने मूठ धरली आणि चटकन हात मागे घेतला. उजव्या मुठीचं रबर केव्हाच गेलं होतं, नुसतं लोखंड राहिलं होतं. "अवो माय! तुम्ही हे कसे धरून राहिले?"

"गरम नाही," शालीकराम म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

तिने मुठीला चिंधी गुंडाळली. मग विचारलं, "बुधवारी पानी म्हन्ते. कडपा आताच उचलाच्या का?"

"ओल्या आहेत. तीन दिवस ऊन लागू दे."

शेतकऱ्याचं उत्तर होतं आणि बरोबरही होतं. ओला धान उचलून ठेवला की काळा पडतो. निरोपातला बुधवार त्याच्या तोंडात होता, धानाचे तीन दिवसही त्याच्याच तोंडात होते, पण दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत असं त्याच्या मनात आलं नाही.

मंगळवारी पारा शेहेचाळीसच्या वर गेला. उच्चांक मोडला म्हणून मोबाइलवर फिरू लागलं, जसं काही गावाने शर्यतच जिंकली. विहिरीवरची माकडं हाकलली तरी हलेनात. शालीकरामने त्याही दिवशी दोन फेऱ्या मारल्या. चिंधी कुठेतरी गळून पडली.

बुधवारी दीड वाजता नवा निरोप आला. तीन ते सहाच्या दरम्यान, विजांसह, आपल्याच तालुक्यात. आकाश अजून पांढरं होतं, फक्त नागझिऱ्याच्या जंगलावर एक काळी रेघ दिसत होती. शालीकराम सायकल घेऊन निघाला. अर्धं गाव सांगून होईपर्यंत ती रेघ वर चढली होती, आणि तो पारापाशी पोचला तेव्हा पहिला गडगडाट झाला.

दारं उघडली. कवडू ताडपत्रीची गुंडाळी खांद्यावर टाकून निघाला. हा शालीकरामचा शेजारी, बांधाला बांध असलेला. गल्लीतली निर्मलाबाई दोन लुगडी काखेत मारून त्याच्या मागे. आणखी दहा-बारा जण. "कोणीही घराबाहेर पडू नये," शालीकराम भोंग्यात म्हणत होता आणि लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी शेताकडे चालले होते. निर्मलाबाईने जाता जाता मानही हलवली, निरोप पोचला म्हणून.

मग टीना आली. डोक्यावर ताडपत्री. तीच ताडपत्री, घरात दुसरी नव्हती. ती त्याच्यासमोर थांबली.

"मामाजी, कोन्ता कोपरा आधी झाकू?"

शालीकरामचा हात उठला. त्याने उचलला नाही, आपोआप उठला, उत्तरेकडे. भोंगाही तोंडापासून बाजूला व्हायला निघाला होता. तेवढ्यात त्याला आपला हात दिसला, उत्तरेकडे दाखवणारा. तो भ्याला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं, आणि ते नुसतं भय होतं.

त्याने हात खाली घेतला आणि भोंगा होता तिथे तोंडाशीच धरून ठेवला.

"टीना," तो म्हणाला.

सासऱ्याच्या तोंडून आलेलं सुनेचं नाव पिंपळावरून, कौलांवरून, शाळेच्या भिंतीवर आदळून परत आलं. पुढे गेलेले लोक वळले.

"टीना, घरी जा. धान जाऊ दे."

"मामाजी, असं कसं जाऊ देऊ?" तिला त्याचं बोलणं समजत होतं, पण असं भोंग्यातून का, ते समजत नव्हतं.

"जाऊ दे म्हन्तो ना! मागच्या साली मीच तिले धाडलो." भोंगा खरखरला. "तुमाले सांगतलो घरात राहा. आणि हे बाजूले करून तिले सांगतलो, वरचा कोपरा झाक, दगड ठेव. मी सांगतलो म्हनून ती गेली. आता कोनी जाऊ नका. निर्मलाबाई, माघारी ये. कवडू, ये बापा. पाया पडतो, या."

त्याने सायकल रस्त्यावर आडवी टाकली आणि तिच्यापुढे उभा राहिला. कोतवाल रस्ता अडवतो हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. निर्मलाबाई आधी वळली. ती वळली म्हणून बाकीचे वळले. कवडू बराच वेळ तिथेच उभा राहिला, एकदा शेताकडे आणि एकदा आकाशाकडे पाहत. मग शिवी देऊन तोही वळला.

वादळ चाळीस मिनिटं चाललं. विजा किती पडल्या आणि कुठे पडल्या, कोणी मोजायला गेलं नाही. सगळी माणसं घरात होती. थांबलं तेव्हा बांध्यांत घोटाभर पाणी साचलं होतं आणि कडपा त्यात तरंगत होत्या. टीना शेतावर जाऊन पाहून आली आणि चूल पेटवायला बसली. वर्षाचं पीक होतं ते. रागवायचा तिला हक्क होता.

रागावला तो कवडू. दिवे लागायच्या वेळेला तो चिखलाच्या पायांनी दारात आला आणि ओरडू लागला. "तुह्या भोंग्यापायी माहा सारा धान भिजला! दहा मिनिटाचं काम होतं, दहा मिनिटाचं! तीन वाजता काही पडलं का? काऊन अडवलास तू मले?"

शालीकराम ओट्यावर बसून ऐकत होता. कवडूच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, थुंकी उडत होती, चिखलाचे दोन्ही पाय ओट्याच्या फरशीवर उमटले होते. शालीकराम त्या पायांकडे पाहत राहिला. त्याने कवडूला हवं तेवढं ओरडू दिलं.

"भिजला ना?" शेवटी तो म्हणाला. "बस. पानी पे."

कवडू बसला नाही, पण गेलाही नाही. टीनाने पाण्याचा लोटा आणून सासऱ्याच्या हातात दिला, पाहुण्याला द्यायला. लोटा हातात येताच शालीकराम कळवळला आणि पाणी सांडलं. त्याने तळहात दिव्याखाली धरला. मुठीच्या लोखंडाने भाजून आलेले फोड होते, दोन फुटलेले, तीन टरारलेले. सोमवारपासूनचे असतील.

"टीना," तो म्हणाला, "हात जळून राहिला वो."

ती हळद घेऊन येईपर्यंत तो रडत होता.