आईची खुर्ची आणि नकाशातली पवनचक्की

जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी आमच्या भागाचा जुना नकाशा आणला, फ्रेम करून हॉलमध्ये लावला, आणि येईल त्याला त्याच्यासमोर उभं करून व्याख्यान देऊ लागलो. ख्राइस्टचर्चबाहेरचा हा सपाट शेतीचा मुलूख. आमचं घर नवं. नकाशात तिथे नुसतं शेत, झाडांची लांब रांग, आणि रांग कोपरासारखी वळते तिथे पवनचक्कीची इवलीशी खूण. झाडं अजून आमच्या मागच्या अंगणात आहेत. पवनचक्की गेली.

शेजारचे म्हातारे शेतकरी चहाला आले, त्यांनाही मी हे सगळं ऐकवलं. ते हसले नाहीत.

"पवनचक्की म्हणजे खाली विहीर," ते म्हणाले. "तेव्हा विहिरी बुजवत नसत. वर फळ्या टाकायचे, फळ्यांवर माती. फळ्या कुजतात."

मी खिडकीतून पाहिलं. त्या वळणात वारा लागत नाही, म्हणून पुण्याहून आलेली माझी आई रोज तिथेच खुर्ची टाकून उन्हाला बसते. आत्ताही बसली होती, मटार सोलत. खुर्चीखालचं गवत गोल, हिरवंगार, बशीसारखं किंचित खोल. त्या हिरवळीचं कौतुक मीच करायचो!

इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी तीनदा मेलोय. असा घाम एकदाही फुटला नव्हता.

"आई, हलू नकोस!"

"हलू नको तर मटार कसे सोलू?"

म्हाताऱ्यांनी आणि माझ्या बायकोनं गॅरेजमधून शिडी आणून गवतावर आडवी टाकली. वजन पसरायला हवं, म्हणून मी शिडीवर पालथा पडून सरपटत निघालो. खाली जमीन दबत होती, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

"अगंबाई, साष्टांग नमस्कार!" आई खूश. "सूनबाई, फोटो काढ याचा!"

"आई, शिडीवर बस. बसल्या बसल्याच माझ्याकडे सरक. काही विचारू नकोस."

माझा आवाज ऐकून तिनं मटार खाली ठेवले. एकेक पायरी सरकत आली. तिचा हात हातात आला तसा मी तो धरून उलटा सरपटत कडेला आलो.

मग म्हाताऱ्यांनी कडेला उभं राहून हिरवळीत पहार मारली. ती आत गेली, जातच राहिली, आणि त्यांच्या हातातून सुटली. आम्ही कान देऊन उभे. खूप खालून आवाज आला: डुबुक.

विहीर आता दगडांनी भरली आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई भिंग घेऊन नकाशासमोर उभी होती.

"माझ्या पलंगाखाली काय आहे रे?"

"शेत, आई. नुसतं शेत."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. अजून रोज बघतो.