बजरंग आला की वजन उतरतं

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या सांगलीच्या कंपनीचा एक पगारी कर्मचारी उसाच्या काट्यावरच्या खोलीत कोंडण्यात आला असून, त्याच्या सुटकेसाठी दोन फ्लॉप्या आणि एक बाईमाणूस तातडीने रवाना करण्यात येत आहे.

अशी दवंडी त्या दिवशी कुणी पिटली नाही, पण पिटायला हवी होती. आमच्या करमरकर साहेबांनी नुसता फोन खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "देशमाने, तुमच्या माणसाला शेतकऱ्यांनी धरून ठेवलंय. काटा मारतो म्हणतायत."

"बजरंग?"

"दुसरा कोण आहे आपला तिकडं? कारखान्याच्या चेअरमननी पाचपर्यंत वेळ दिलाय. तोवर वजन का कमी येतंय ते दाखवायचं. नाहीतर ते पोलिसांत फिर्याद देणार. कंपनीवर नाही, बजरंगवर."

काटा मारणं म्हणजे मापात पाप. आमच्याकडे माणसाला चोर म्हटलं तर तो भांडतो. काटामाऱ्या म्हटलं तर त्याच्या बहिणीची सोयरीक मोडते. बजरंग होता चोवीस वर्षांचा, औंधकडचा. वडील, म्हणजे आण्णा, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. गावात त्यांना बघून लोक पायजम्याची नाडी आधी नीट करायचे, मग नमस्कार करायचे. त्या घरात ही बातमी पोचली तर काय होईल, हे मला साहेबांच्या गाडीत बसेपर्यंतही डोळ्यांसमोर आणवेना.

गाडी निघालीये तोवर तुम्हाला दोन शब्द समजावून सांगते.

पहिला, ऑन-कॉल. म्हणजे काम नसताना घरी बसायचं, पण घर सोडायचं नाही. बिघाड झाला की फोन येणार आणि पंधरा मिनिटांत हजर व्हायचं. नव्वदच्या दशकात आमच्या कुणाच्या खिशात फोन नव्हता. म्हणून बजरंगला मी कारखान्याजवळच्या गावात एसटीडी बूथच्या माडीवर खोली घेऊन दिली होती. काट्यावरून फोन आला की बूथवाला काठीने छत ठोकायचा. बजरंग सायकल काढायचा. अशी माझी अत्याधुनिक व्यवस्था होती आणि मी तिचा आलेख काढून साहेबांच्या केबिनमध्ये लावला होता.

दुसरा शब्द आउटसोर्सिंग. म्हणजे काम आपण घ्यायचं, करायचं दुसऱ्याने आणि शिव्या खायच्या परत आपणच. काट्याचं सॉफ्टवेअर आम्ही बंगलोरच्या एका छोट्या कंपनीकडून लिहून घेतलं होतं. तिथला रघुनंदन नावाचा प्रोग्रॅमर हुशार, नम्र आणि जन्मात उसाच्या गाडीच्या मागे न अडकलेला. त्याला काय हवंय ते मी अकरा पानी इंग्रजीत लिहून पाठवलं होतं. त्या अकरा पानांचा मला फार अभिमान होता. तो किती वाजेपर्यंत टिकला ते पुढे येईलच.

काम साधं होतं. उसाने भरलेली गाडी आत येताना काट्यावर चढते. ते भरलं वजन. आत ऊस उतरवला की बाहेर जाताना ती दुसऱ्या काट्यावर चढते. ते रिकामं वजन. एकातून दुसरं वजा केलं की उरला तो ऊस. ट्रॅक्टर असो की बैलगाडी, हिशेब एकच. त्या कारखान्यात बैलगाडी बैलांसकट काट्यावर घ्यायची पद्धत होती, कारण प्रत्येक गाडीचे बैल सोडत बसलं तर रांग गावापर्यंत जायची.

यात एक कुलूप मीच घालायला सांगितलं होतं. प्रत्येक गाडीचं रिकामं वजन हंगामाच्या सुरुवातीला नोंदवून ठेवलेलं. बाहेर जाताना गाडी त्यापेक्षा चाळीस किलोहून जड भरली, तर कॉम्प्युटर अडून बसणार आणि बीप-बीप करणार. गाडीत ऊस शिल्लक राहिला असेल, कुणी बघा, म्हणून. मग ऑन-कॉल माणसाने यायचं, गाडी तपासायची आणि पासवर्ड टाकून काट्यावरचं वजन मान्य करायचं. पासवर्ड फक्त बजरंगकडे.

तर पोचले दीडला. काटा बंद. बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. काट्याच्या खोलीबाहेर तीस-चाळीस माणसं, आणि दारात खुर्ची टाकून बसलेले तात्या. तात्या म्हणजे त्या गटातले मोठे ऊस उत्पादक. आवाज असा की माईकवाल्याने भाडं मागायला लाजावं.

"आल्या का मॅडम. या. तुमचं लेकरू आत हाय. च्या पाजलाय, मारलं न्हाई."

"तात्या, त्याने काय केलंय ते तरी सांगा."

त्यांनी कोपरीच्या खिशातून चिठ्ठ्या काढल्या. "ह्यो बाहेरच्या खाजगी काट्यावरचा माझा कालचा दुपारचा ऊस. सतरा क्विंटल चाळीस. ह्यो तुमच्या काट्यावरचा. सोळा क्विंटल ऐंशी. त्याच गाडीची सकाळची खेप बगा, दोनी काट्यांवर बरोब्बर. आता मला सांगा, सकाळी काट्यावर कोन न्हवतं?"

"कोण?"

"बजरंग. दुपारी कोन आला?"

तात्यांनी चिठ्ठ्या परत खिशात घातल्या.

"सात दिस झालं बगतोय आमी. बजरंग आला, बटनं दाबली, की वजन उतरतं. बजरंग न्हाई, वजन बरोबर. मी साळंत चार बुकं शिकलोय मॅडम, पर येवडं गणित येतंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "सायकल दिसली की आमी गाडी मागं घेतो."

गणित खरंच बिनतोड होतं. बजरंगला वजन बदलता येत नाही, फक्त मान्य करता येतं, हे मला माहीत होतं. पण ते त्या चाळीस माणसांना सांगणं म्हणजे साप दाखवून हा बिनविषारी आहे म्हणण्यासारखं होतं. खरं असलं तरी कोण हात लावणार?

आत बजरंग स्टुलावर ताठ बसला होता. माझ्याकडे बघून त्याने पहिलं विचारलं, "मॅडम, आण्णांना कळवलं न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग व्हईल काय ते व्हऊ दे."

मी कामाला लागले. आधी काटा तपासला. वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं चढवली, दोन्ही काटे चोख. ट्रॅक्टर घेतला, चोख. फ्लॉपीवरून सगळा प्रोग्रॅम नव्याने चढवला. जसा होता तसाच. अडीच वाजले. तात्या दर दहा मिनिटांनी दारातून डोकावायचे आणि चिठ्ठ्या हलवून दाखवून जायचे.

बूथवरून बंगलोरला फोन लावला. रघुनंदनने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, माझा प्रोग्रॅम एवढंच सांगतोय की गाडी तुमच्या कारखान्यात जाते आणि जड होऊन बाहेर येते. ती आत काय करते, ते तुम्ही बघा. मी बंगलोरला आहे."

मी फोन आपटला. बूथवाला म्हणाला, "सरकारी हाय त्यो, मॅडम."

पण परत जाताना वाक्य डोक्यात राहिलं. गाडी आत जाते आणि जड होऊन बाहेर येते.

"बजरंग, तू किती वेळा आलास, काही लिहिलंयस?"

सुभेदाराचा मुलगा. त्याने खिशातून वही काढली. तारीख, वेळ, गाडी नंबर, सगळं वळणदार अक्षरात. मी बोट फिरवत गेले. अकराच्या आधीचा एकही फोन नाही. ट्रॅक्टर एकही नाही. नुसत्या बैलगाड्या. आणि सात दिवसांत मधला एक दिवस सबंध कोरा.

"या दिवशी तू नव्हतास?"

"हुतो की. खोलीतच बसून हुतो. फोनच आला न्हाई."

बाहेर येऊन मी रांगेतल्या पहिल्या गाडीवानाला गाठलं. सिद्धाप्पा, जतहून ऊसतोडीला आलेला. सकाळपासून अडकून पडला होता, तरी चेहऱ्यावर कसली घाई नाही. तो काट्याकडे न बघता बैलांच्या पाठीवरच्या माश्या हाकलत होता.

"सिद्धाप्पा, परवा मंगळवारी इथं काय वेगळं झालं होतं?"

त्याने बराच विचार केला. "काय न्हाई बगा."

"आठवा की."

"काय न्हाई. मोटर जळली हुती, येवडंच. हौदात थेंब न्हवता. बैलं तशीच न्हेली."

"कुठला हौद?"

त्याने कासऱ्यानेच दाखवला. ऊस उतरवायचं अंगण आणि बाहेरचा काटा यांच्या बरोबर मधोमध, पांढरा रंग दिलेला, नवाकोरा, लांबलचक हौद. वर संगमरवरी पाटी. चेअरमनचे वडील, ज्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा, त्यांच्या स्मरणार्थ. हंगामाच्या पहिल्या मोळीबरोबर उद्घाटन झालेलं. आधीच्या वर्षापर्यंत हौद फाटकाबाहेर होता. बैल आधी प्यायचे आणि मग काट्यावर चढायचे.

माझ्या अकरा पानांत 'वाहन: ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी' असं लिहिलेलं होतं. बिचाऱ्या रघुनंदनने बैलगाडी म्हणजे आणखी एक लोखंडी वस्तू धरली. बैलाला तहान लागते, हे मी लिहिलंच नव्हतं. तो अभिमान इथे, दुपारी सव्वातीनला, संपला.

"सिद्धाप्पा, तुमचे बैल किती पाणी पितात?"

पहिल्यांदा तो हसला. "आमच्याकडं टँकर येतुय बाई. हितं हौद दिसला की बैलं मान वर काढत न्हाईत. मी बी ओढत न्हाई. पिऊ दे म्हनतो."

चार वाजता चेअरमनची जीप आली. चेअरमन पांढऱ्या कपड्यांत, सत्तरीकडे झुकलेले. खाली उतरले ते घड्याळ बघतच.

"काय मॅडम, सापडलं का?"

"सापडलंय, दादा. पण सांगण्यापेक्षा दाखवते."

मी सिद्धाप्पाची भरलेली गाडी काट्यावर घेतली. आकडा तात्यांनाच मोठ्याने वाचायला लावला. तो त्यांनी असा वाचला की रस्त्यावरच्या शेवटच्या गाडीलाही कळावा. मग सगळ्यांसमोर गाडी काट्यावरून उतरवून हौदावर नेली. आणि आम्ही पन्नास माणसं, एक चेअरमन आणि मी, दोन बैल पाणी पिताना बघत उभे राहिलो. एक बैल मधेच थांबला. बजरंग खिडकीच्या गजाला धरून उभा होता. बैलाने एकदा शेपटी उडवली, विचार केला आणि परत तोंड घातलं. त्या जनावराचे उपकार मी आजही मानते.

गाडी परत काट्यावर आली. तात्यांनी आकडा वाचला. मग परत वाचला, यावेळी हळू.

"अठ्ठावन्न किलो जास्त," ते म्हणाले. "उसाला हात लावला न्हाई कुनी."

"तात्या," मी म्हटलं, "ही भरली गाडी जड झाली, तशीच रिकामी पण होते. रिकामी जड भरली की तेवढा ऊस तुमच्यातून वजा. सकाळच्या गारव्यात बैल हौदाकडे बघत नाहीत, म्हणून सकाळी वजन बरोबर. दुपारी पितात. खूप प्यायले की मशीन अडतं. मशीन अडलं की बजरंगला बोलावतात. वजन आधी उतरतं आणि बजरंग नंतर येतो."

तात्यांनी खुर्ची दारातून स्वतः उचलून बाजूला ठेवली. बजरंग बाहेर आला. ते त्याच्याकडे न बघता म्हणाले, "च्या पाजला हुता आमी, मॅडम साक्षीला हायेत." मग जरा थांबून, "चुकलं गड्या आमचं."

पुढचं पटकन सांगते, कारण एक गोष्ट मी शेवटी ठेवलीये. संगमरवरी पाटी हलवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, म्हणून आम्ही गाड्यांची वाट बदलली. रिकामी गाडी आधी काट्यावर आणि मग हौदावर. बांबू आणि दोरखंड लावून अर्ध्या तासात झालं. आधीच्या दुपारच्या पावत्या नोंदवलेल्या रिकाम्या वजनावरून दुरुस्त करून दिल्या, अगदी चाळीस किलोच्या आतली तहान मशीनने मुकाट्याने माफ केली होती त्यासुद्धा. बजरंग हंगाम संपेपर्यंत त्याच माडीवर राहिला. सायकल दिसली की आता लोक त्याला ऊस द्यायचे. आण्णांना त्याने कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

मी त्यातून शिकले ते इतकंच. ऑन-कॉल माणूस प्रत्येक भानगडीच्या जागी हजर असतो, कारण भानगड झाल्यावरच त्याला बोलावलेलं असतं. आणि काम बाहेर द्यायचं असेल, तर लिहायला बसण्याआधी एक दुपार काट्यावर उभं राहून यावं.

आता ठेवलेली गोष्ट. तात्यांनी आकडा वाचला, माझं बोलणं संपलं, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू त्या हौदाकडे वळल्या. मग पाटीकडे. मग चेअरमनकडे. हौदामुळे हे झालं, हे त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत कुणात नव्हती, माझ्यात तर नव्हतीच. दादांनी टोपी काढली, पाटीवरचं नाव वाचलं, आणि भान न राहता पन्नास माणसांत मोठ्याने बोलून गेले,

"आबांनी हयातीत कुनाचा काटा मारला न्हाई, अन् आता हौदातनं मारायला लागले व्हय?"