पुंडलिकराव कधी चुकत नाहीत

माझी धाकटी जाऊ दीपा यवतमाळात मेस चालवते आणि ब्लॉग लिहिते. खरं म्हणजे मेस आम्ही दोघी मिळून चालवतो. भाकऱ्या मी थापते आणि कौतुक तिचं होतं. ब्लॉगचं नाव ‘ताट’. आमच्याकडे येणारी माणसं कशी जेवतात, यावर ती लिहिते. माणसाचं नाव नाही, गाव नाही, मेसचा पत्ताही नाही. कोण पोळीची सुरळी करतो, कोण शेवटच्या घासासाठी चटणी राखून ठेवतो, एवढंच.

मला वाटायचं, हे रिकामपणचं लिखाण कोण वाचणार? पण वाचायचे, आणि वाचून गप्प बसतील तर ती आमच्याकडची माणसं कसली. खाली कॉमेंटमध्ये अंदाज सुरू व्हायचे, हा जेवणारा कुठल्या तालुक्याचा? अंदाज चुकला की दीपा लिहायची, ‘नाही हो.’ बरोबर आला की काहीच लिहायची नाही. ताई गप्प झाल्या म्हणजे बरोबर, हे वाचणाऱ्यांना पाठ झालं होतं.

या खेळातले महारथी म्हणजे वणीचे पुंडलिकराव. त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा फोन नंबरही आमच्याकडे नव्हता. जे माहीत होतं ते त्यांच्या कॉमेंटमधून. जन्म कोळशाच्या ट्रकवर गेला, जिल्ह्यातल्या सगळ्या धाब्यांवर जेवण झालं. केबिनमध्ये ताट मांडीवर घ्यायची सवय लागली, ती टेबलखुर्ची आली तरी सुटली नाही. बायको वारली, मूलबाळ नाही. दुपारचं जेवण आटोपलं की मोबाइल घेऊन बसायचे आणि सगळ्यांच्या शेवटी लिहायचे, ‘अंबाडीच्या भाजीत कण्या मागते म्हणजे राळेगावकडची.’ झालं, विषय संपला. कोणी शंका काढलीच तर पुढचं उत्तर ठरलेलं, ‘पुंडलिकराव कधी चुकत नाही.’ मला त्या माणसाच्या तोऱ्याचा रागच यायचा.

मग आमच्याकडे अर्पिता जेवायला येऊ लागली. हे तिचं खरं नाव नाही, आणि तिची सवयही मी बदलून सांगते आहे. दीपासारखी खरंखुरं लिहायची हौस मला नाही.

अर्पिता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि नवऱ्याचं घर सोडून आली होती. का सोडलं ते तिच्या दंडावर दिसत होतं. सासर उमरखेडकडचं. सापडलीस तर पाय मोडीन, असा नवऱ्याचा निरोप होता. ठाण्यात तक्रार दिलेली होती, पण तक्रारीचा कागद काही दारात राखण बसत नाही. शेवटचा पेपर शनिवारी होता; केंद्र यवतमाळात आहे हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं. तो झाला की लांबच्या गावी नोकरी ठरलेली होती.

आदल्या रविवारी दीपाने तिच्यावर लिहिलं. ही मुलगी पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवते, भिंतीला पाठ लावून बसते, तोंड दाराकडे. लिहिण्याआधी दीपाने तिला विचारलं होतं. ती हसून म्हणाली, लिहा की, माझ्याबद्दल कोण वाचणार आहे.

संध्याकाळी पुसदच्या निकिताने अंदाज केला, ‘घास काढून ठेवते म्हणजे उमरखेडकडची.’ दीपा सवयीने गप्प राहिली. लगेच चारदोन जणींनी लिहिलं, ‘ताई गप्प, म्हणजे बरोबर. आता फक्त पुंडलिकराव काय म्हणतात ते पाहायचं.’

सोमवारी सकाळी खाली एक नवं नाव आलं, इंद्रजित. त्याने लिहिलं होतं, ‘घास काढून ठेवायची पद्धत आमच्या घरची आहे. ही मुलगी सध्या कुठे जेवते, ताई? पुंडलिकराव, तुम्हीच सांगा.’

दीपाने फोन अर्पितासमोर धरला. अर्पिताने हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, हे त्याचंच नाव आहे.

मी दीपाला नको नको ते बोलले. पण बोलून काय होणार होतं? लेख काढून टाकला तर त्याची खात्रीच पटणार. ‘नाही हो’ लिहावं तर कालची गप्प बसलेली दीपा सगळ्यांनी पाहिलेली. आणि दुपारी तो म्हातारा येऊन शिक्का मारणार. त्याला सावध करायचं तर कॉमेंटमध्येच लिहावं लागणार, आणि तिथे इंद्रजित वाचायला बसलेला. पंगती उठल्या, मुलं हात धुऊन गेली, आणि आम्ही तिघी जेवायचं सोडून त्या फोनकडे पाहत बसलो.

मग पुंडलिकरावांची कॉमेंट आली.

‘निकिता, चुकली तू. ही माही भाची हाय, मारेगावची, अन् माह्या घरीच जेवते, वणीले. घास काढून ठेवाले तिले मीच शिकवलं. दीपा, तुले फोनवर गंमत म्हणून सांगतलं, तू त लिहूनच टाकलं. ज्याले पाह्याचं त्यानं वणीले यावं. कोळशाच्या वजनकाट्यापाशी माहं नाव विचारा.’

दीपाने ते पुन्हा वाचलं आणि हळूच म्हणाली, "ताई, मी यांच्याशी जन्मात फोनवर बोलले नाही."

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दीपाने लिहिलं, ‘काका, तुम्हाला विचारून लिहायला हवं होतं. चुकलं माझं.’ त्याखाली इंद्रजितचा एकच शब्द आला, ‘येतो.’

मंगळवारी पुंडलिकरावांचं काही आलं नाही, बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. ज्या माणसाचा मला राग यायचा त्याच्यासाठी मी पिठाच्या हातांनी दीपाचा फोन उघडून पाहू लागले. एकट्या म्हाताऱ्याच्या दारात आम्ही आमचं संकट पाठवून दिलं होतं. मला भाकरी गोड लागेना.

शुक्रवारी आमच्याकडे कढीगोळे असतात. त्या दुपारी एक म्हातारा आत आला. ओठ सुजलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तो बसला, दीपाने वाढलं, आणि त्याने टेबलावरचं ताट उचलून मांडीवर घेतलं. दीपाच्या हातातली पळी तशीच राहिली.

ओठाला काय झालं, असं मी विचारलं तर म्हणाले, दाढी करताना लागलं. दाढी तर चांगली वाढलेली होती.

"तो पोट्टा येऊन गेला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्यानं घर धुंडाळलं, पोरगी काही दिसली नाही. आता तो इकडं येईन. शुक्रवारी कढीगोळे असते असं तूच लिहिते ना दीपा? मी त्याच्यावरूनच विचारत विचारत आलो. मले विचारता आलं ते त्याले बी येते. पोरीले आजच हालव."

तुम्हाला कळलं कसं, असं दीपाने विचारलं. त्यांनी आधी गोळा कढीत मोडला.

"जेवताना दाराकडं तोंड करून कोण बसते, बाई? अन् बाकी सारे तिचं गाव विचारत होते. तो एकटाच पत्ता विचारत होता."

अर्पिताला घेऊन मी त्याच दुपारी एसटीने माझ्या माहेरी राळेगावला गेले. शनिवारी मी पहिल्या गाडीने मेसवर परतले, आणि दुपारच्या पेपरला माझ्या भावाने, गोपालने, तिला मोटारसायकलवरून थेट परीक्षेच्या दारात सोडलं.

तो दुपारी आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ, कुणालाही भला वाटावा असा. एका जेवणाचे पैसे आधीच देऊन बसला. पहिला घास त्याने ताटाच्या कडेला काढून ठेवला, तेव्हा वरण वाढणाऱ्या दीपाने माझ्याकडे पाहिलं. मी तवा सोडून तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तो प्रत्येक मुलीचं तोंड पाहत सावकाश जेवला. जाताना म्हणाला, इथे एक उमरखेडची मुलगी येते ना? मी म्हटलं, मुली पुष्कळ येतात, आम्ही पोट पाहतो, गाव नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी हलले नाही. शेवटी तो गेला. त्या वेळी तिकडे अर्पिता पेपर लिहीत होती. संध्याकाळी तिची गाडी सुटली. कुठली, ते मी सांगणार नाही.

रविवारी इंद्रजितने ब्लॉगवर लिहिलं, ‘वणीचा म्हातारा खोटारडा आहे. त्याला भाची नाही, कोणीच नाही. जाऊन पाहून आलो.’ मग काय, सगळे तुटून पडले. निकिताने विचारलं, काका, हे खरं आहे का? कोणी म्हणालं, म्हणजे आधीचेही अंदाज असेच ठोकलेले असतील. कोणी म्हातारपणावर हसलं. दीपाला खरं लिहायचं होतं, पण खरं लिहिलं की तो ज्या दारातून हात हलवत गेला त्याच दारात परत येणार. पुंडलिकरावांनी एवढंच लिहिलं, ‘माणूस चुकते कधी कधी.’ ते वाचून दीपा ढसाढसा रडली.

कॉमेंटच बंद करते, असं ती म्हणू लागली. मीच तिला अडवलं. म्हटलं, बंद असत्या तर तो शोधत येतो आहे हे आपल्याला कळलं असतं का? आणि त्या म्हाताऱ्याने मग दुपारी काय करायचं?

महिन्याभराने तिने पुन्हा लिहिलं, ताकात भाकरी कुस्करणाऱ्या एका माणसावर. सगळ्यांच्या शेवटी पुंडलिकराव आले, ‘दिग्रसचा असन.’ पूर्वी त्यांच्या लिहिण्यात हे ‘असन’, म्हणजे ‘असेल’, कधी नसायचं. खाली कोणीतरी लगेच टोमणा मारला, ‘काका, आता तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार?’

मी पिठाचे हात धुतले. त्या ब्लॉगवर मी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्या दिवशी लिहिलं, ‘पुंडलिकराव कधी चुकत नाहीत.’

दीपाने ते वाचलं, आणि खाली काहीच लिहिलं नाही.